हिरव्या दोऱ्याचा बाण

बाणाला पिसं बांधायची तर घरात दोन माणसं लागतात. एका हातानं टाळी वाजत नाही असं सगळेच सांगतात, बाणाचं मात्र कोणी सांगत नाही. एकानं काडी फिरवायची आणि दुसऱ्यानं दोरा ताणून धरायचा. दोरा ढिला पडला की पीस सरकतं, आणि पीस सरकलं की बाण कामातून गेला. केशवरावांनी आता दोऱ्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं होतं. गज ताण चांगला देतो, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. फक्त तो बोलत नसे.

सिंदी मेघेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात हे काम वर्षानुवर्षं इंदिराबाईंचं. केशवराव वर्ध्याच्या एका शाळेत खेळाचे मास्तर होते आणि तिरंदाजी हे त्यांचं वेड. विकतचा बाण घ्यायचा नाही, दुसऱ्याचा मागायचा नाही, अशी शिस्त. "आपल्या बाणाची खोड आपल्याले माहीत पाह्यजे," असं ते पोरांना सांगत. संध्याकाळी ते पाटावर बसत, इंदिराबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात रीळ धरून उभ्या राहत आणि दोरा सगळी खोली ओलांडून जाई. तेवढ्यात पाहुणा आला तर त्याला वाकून आत यावं लागे. घरातलं सगळं बोलणं त्या दोऱ्यावरून होई. मुलाचं, ऋग्वेदचं लग्न असो, गळकी तोटी असो, नाहीतर शेजारणीचा आगाऊपणा. भांडणंही होत. पण हातात दोरा असला की रागावून उठून जाता येत नाही, आणि बाण बांधून होईस्तोवर भांडणात काही जीव उरलेला नसे. संसार टिकवायचे उपाय सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, पण हा उपाय त्यांच्यापैकी कोणाला माहीत नाही.

आता पिसांची गोष्ट. पक्ष्याच्या डाव्या पंखाचं पीस एका अंगाला वळलेलं असतं, उजव्याचं दुसऱ्या. एका बाणावर तिन्ही पिसं एकाच पंखाकडची हवीत, तरच बाण हवेत गरगर फिरत नीट जातो. कारंजा गावाजवळ टर्की पाळणारा प्रेमदास पिशवी भरून पिसं पाठवायचा. केशवराव चष्मा लावून, गव्हातले खडे निवडावेत तशी ती निवडायचे आणि दोन वेगळ्या डब्यांत ठेवायचे.

एका वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांना डेंग्यू झाला आणि ते दवाखान्यात पडले. इंदिराबाई दिवसभर त्यांच्या उशाशी बसत आणि घरी आल्या की सणाची साफसफाई काढत. त्यात त्यांनी पिसांना ऊन दाखवलं आणि सगळी एकाच डब्यात भरून टाकली. रिकाम्या डब्यात चकल्या ठेवल्या. एका डब्यात मावतं त्याला दोन डबे कशाला, हे घर चालवणाऱ्या कोणालाही पटेल. आणि नवरा घरी येईल तेव्हा संच पुरा दिसावा म्हणून त्यांनी राहिलेला एक बाण एकटीनं बांधला. रीळ पायाच्या अंगठ्यात धरलं आणि काडी हातानं फिरवली. काळा दोरा संपला होता, म्हणून शिलाई मशीनवरचा हिरवा घेतला.

घरी आल्यावर केशवरावांनी तो बाण पाहिला. दोन पिसं उजव्या पंखाची, एक डाव्याचं. त्यांनी गाठींवरून बोट फिरवलं आणि ते म्हणाले, "वा!"

अर्थात बाण तो वाकडाच गेला. हवेत फिरायचं नाव नाही. डावीकडे आणि खाली, कधी नेमाच्या पाटीच्या कडेला, कधी सरळ मातीत. कुत्र्याचं शेपूट परवडलं. पण मैदानावरून आले की केशवराव चपला काढता काढता सांगत, "आज तुझा बाण मधात लागला."

इंदिराबाई पोळी लाटताना मान न वळवता म्हणत, "काऊन खोटं बोलून राह्यले?"

"खोटं कायले बोलू?"

"बरं. हात धुवा अन् बसा."

हे रोजचं होतं. ते झाल्याशिवाय ताट वाढलं जात नसे.

गेल्या पौषात इंदिराबाई गेल्या. दुखणं नाही, खुपणं नाही, सकाळी उठल्याच नाहीत. ऋग्वेद आला, दिवस झाले, तो म्हणाला, "बाबा, चाला पुण्याले." केशवराव म्हणाले, "पाहू." लोक म्हणाले, मन रमवा. जणू मन म्हणजे खुळखुळा दाखवला की गप्प बसणारं पोर आहे! केशवराव रोज मैदानावर जात, घरी येत, चपला काढत आणि गप्प राहत. घर त्यांना खायला उठे, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पिसं झिजतात. एकेक बाण त्यांनी नव्यानं बांधायला घेतला, जुना दोरा कापून, खिडकीच्या गजाच्या मदतीनं. आपण काय कापतो आहोत, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. तोवर तो हिरवा एकच उरला होता. तिच्या हातचं लोणचं केव्हाच संपलं होतं. तिच्या हातची म्हणावी अशी घरात आता एवढीच एक गाठ होती.

आणि नेमकी तेव्हाच ज्येष्ठांची स्पर्धा आली. मैदानावर मुलांना शिकवणारा प्रफुल्ल हा त्यांचा जुना विद्यार्थी. त्यानंच नाव घातलं होतं.

"सर, सहा बाण लागते. तुमचे पाचच कामाचे हायेत. त्या हिरव्याचं एक पीस उलटं हाये."

"माहीत हाये मले."

"मग बदलून टाका ना. नाईतर माझा घ्या."

"दुसऱ्याचा बाण घेत नाई मी." नवी काडी करावी तर बांबू वाळायलाच महिने लागतात. म्हणजे त्या हिरव्यालाच हात घालायचा होता.

संध्याकाळी ते पाटावर बसले आणि ब्लेडचं पातं हिरव्या दोऱ्याखाली सरकवलं. एका झटक्याचं काम. जन्मभर पोरांना शिस्त शिकवलेला माणूस, पण त्यांना रडू फुटलं आणि ते बराच वेळ रडले. मग डोळे पुसून त्यांनी बाण वर धरला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपल्या बाणाची खोड आपल्याला माहीत पाहिजे म्हणणाऱ्यानं या एका बाणाची खोड कधी शिकूनच घेतली नव्हती. खोटं बोलून भागत होतं, तर शिकायचं कशाला! त्यांनी पातं ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ते मैदानावर फक्त तोच बाण घेऊन गेले. सोडायचा, आणायला जायचं, परत सोडायचा. प्रफुल्ल लांबून पाहत होता. हळूहळू बाणाचं वागणं कळत गेलं. बाणाच्या शेपटाकडची खाच धनुष्याच्या दोरीला रोज एकाच बाजूनं लावली तर तो रोज तेवढाच डावीकडे आणि तेवढाच खाली जात होता. त्यात दगाबाजी नव्हती. त्याच्यासाठी नेम वेगळा धरायला हवा होता, इतकंच.

स्पर्धेत त्यांनी तो शेवटी ठेवला. पाच बाण ठीक गेले. सहावा लावून त्यांनी पाटीकडे पाहिलंच नाही. उजवीकडे आणि वर, मागच्या कडुलिंबाच्या एका फांदीवर नेम धरला. मागून कोणीतरी हसलं. बाण सुटला, न फिरता, फुरंगटल्यासारखा तिरपा गेला आणि पाटीच्या पिवळ्या ठिपक्यात रुतला.

"सर, मधात! अगदी मधात!" प्रफुल्ल ओरडला.

केशवरावांना बक्षीस काही मिळालं नाही. तेवढे गुण नव्हते. प्रफुल्ल चहाला थांबा म्हणत होता, पण ते थांबले नाहीत. आयुष्यात कधी नव्हे एवढे भराभर चालत ते घरी आले, कुलूप काढलं आणि चपला काढता काढता म्हणाले, "आज तुझा बाण मधात लागला."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे पाहत ते हातात बाण धरून उभे राहिले. इतकी वर्षं खोटं बोलले, तर रोज कोणीतरी टोकत होतं. आज खरं बोलले, आणि काऊन खोटं बोलून राह्यले म्हणायला घरात कोणी नव्हतं.

"खरंच लागला," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.