बिनघंटेचा तास

जहाजाच्या पाळण्याची कळ अकरा वर्षं ज्याच्या हातात, त्याला करमणूक उद्यानात सगळे कप्तान म्हणत. समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण ऐट मात्र अख्ख्या आरमाराची!

दर मंगळवारी सकाळी स्वमग्न मुलांसाठी शांत तास असे. गाणी बंद, लुकलुकते दिवे बंद. त्या तासाला एक आठ वर्षांची पोर आईबरोबर यायची. घरी भिंतीवर डोकं आपटून घेणारी ती पोर, जहाज वर चढलं की अशी खदखदून हसायची की कप्तानाचं काळीज सुपाएवढं व्हायचं.

त्या मंगळवारी कप्तानाला आणखी एक सुचलं. फेरी सुटण्याआधीची घंटा, तीन ठोके, भारीच कर्कश. कशाला पोरांच्या कानांना त्रास? त्याने कार्यालयाला सांगून तीही बंद करवली. काय अक्कल पाजळावी माणसाने!

त्या पोरीचा सगळा भरवसा घंटेवर होता. तीन ठोके पडले की पिवळ्या रेषेमागे उभं राहायचं, हे आईने दोन महिने खपून तिच्या अंगवळणी पाडलं होतं. ठोके नाहीत म्हणजे जहाज उभं. आणि कप्तानाचंही तेच. घंटेला सगळे मागे सरतात, म्हणून बटण दाबताना तो कधी वळून बघतच नसे.

पोरीला जहाजात कोपऱ्याचीच जागा लागे. आज ती दुसऱ्या मुलाने पटकावली, म्हणून पोर पुढच्या फेरीसाठी खालीच थांबली होती. कप्तानाने बटण दाबलं. जहाज मागे चढलं. त्याची नजर गेली तेव्हा पोर रेषेच्या पुढे, ऐन जहाजाच्या वाटेत, वर बघत हसत उभी होती.

त्याने लाल बटण दाबलं, पण एवढं धूड दोन झोके घेतल्याशिवाय थांबतंय होय! "मागे हो!" तो ओरडला. पोरीने कान झाकले आणि जागीच खिळली. मग त्याने चाव्यांचा जुडगा लोखंडी कठड्यावर हाणला. टण्. टण्. टण्.

पोर गुमान मागे सरली, टाचा रेषेमागे. जहाज तिच्या नाकासमोरून सणसणत गेलं. तिने टाळ्या पिटल्या.

बाकावरून आई धावत आली, पांढरीफटक. तिने सगळं पाहिलं होतं.

"ताई, चूक माझी. साहेबांना आत्ता सांगतो." त्याने फोन उचलला.

आईने त्याचं मनगट धरलं. "नका हो दादा. हा तासच बंद करतील."

"अहो, पोर गेली असती!"

"कळतंय मला." तिला रडू फुटलं. "पण आठवड्यात एवढाच तास हसते हो ती. कुठे नेऊ हिला?"

पोर आईचा हात ओढत होती. "अजून. अजून."

कप्तानाने तिच्याकडे पाहिलं. मग फोन खाली ठेवला, आणि हे लपवून आपण काय करून बसलो या भीतीने त्याला दरदरून घाम फुटला.