पडद्यामागची डावखुरी माणसं

मी पडदा. तोंडावर पाण्याचा हबका बसल्याबिगर कामाला न लागणारा. मांजरपाटाचे पट्टे एकाला एक जोडून इब्राहीम शिंप्यानं मला शिवलं, आणि औरंगाबादेत खाम नदीकाठी सिनेमावाल्या आप्पासाहेबांच्या तंबूत मी उभा राहिलो. राज्य निजामसरकारचं, आणि सिनेमा अजून मुका.

माझ्यापुढं गडीमाणसं बसायची, मागं बायका. मला ओला केला की चित्र आरपार जायचं, दोन्हीकडून दिसायचं. पुढच्यांना चांदपाशा मोठ्यानं गोष्ट सांगायचा, मागच्यांना त्याची बायको अख्तरी. घरात सासूपुढं तिला तोंड उघडायची सोय नव्हती. इथं बुरख्यातल्या आणि पदरातल्या साऱ्या तिच्या तोंडाकडं बघत बसायच्या. तेवढ्यासाठी ती दिवसभर राबायची.

एकदा अमेरिकेचं चित्र आलं. काय चित्र होतं ते! समुद्रातून गलबतं आली, टोपीवाले उतरले, रानातली पिसं खोवलेली माणसं सामोरी गेली. इतकी घोडी, इतका धूर, एवढी मोठी नदी माझ्या अंगावरून गेली की मी आधीच ओला, तरी शहारलो. रानातल्या म्हाताऱ्या म्होरक्यानं दोन्ही हातांनी मक्याची कणसं पुढं केली. टोपीवाल्यांच्या सरदारानं तहासाठी हात पुढं केला.

आता मागून बघितलं की उजवं ते डावं. बायकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"बया, डावा हात देतोय," बायकांत नेहमी पहिल्या रांगेत बसणारी द्वारकाबाई म्हणाली.

"खातो बी डाव्यानंच," अख्तरी म्हणाली. "असल्याच्या जबानीचा काय भरवसा? बघा, दगा देनार."

आणि झालंही तसंच. तह मोडला, रानातली घरं पेटली. बायका ढसाढसा रडायला लागल्या. पुढं चांदपाशा चित्रात मधूनमधून येणाऱ्या लिहिलेल्या पाट्यांवरचं सांगत होता, रानटी हरले, शूर गोरे जिंकले, आणि गडी टाळ्या पिटत होते. गड्यांच्या पुढं खुर्च्यांवर छावणीतला गोरा साहेब आणि त्याची मडम. रडणं ऐकून साहेब माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागला.

साहेब बिथरला तर तंबूच उठेल, हे आप्पासाहेबांनी ओळखलं. खेळ सुटल्यावर त्यांनी चांदपाशाला बजावलं, चित्र मागून उलटं दिसतं, गोरे काही डावखुरे नाहीत. बायकोला म्हणावं उद्या गप बसायचं, नाहीतर घरीच बसायचं.

दुसऱ्या दिवशी अख्तरी ओठ मिटून बसली. द्वारकाबाईनं कोपरानं ढोसलं.

"हुकूम नाय, आक्का. हात उजवाच हाय म्हनं त्याचा," एवढंच ती बोलली.

चित्र चालू राहिलं. मग जळक्या घरापुढं बसलेला तो म्हातारा म्होरक्या आला. पाटीवर त्याला काहीही म्हणोत, चित्र काढणाऱ्यानं त्याचा चेहरा मात्र जवळ जाऊन, जीव लावून टिपला होता. अख्तरी गप, तरी मागं हुंदका फुटला. एकीचा, मग साऱ्यांचा. पुढच्या टाळ्या अर्ध्यात विरल्या. आज मडम एकटीच आली होती, तिनंही रुमाल डोळ्यांना लावला.

आप्पासाहेबांनी ते बघितलं आणि ते मागं, बायकांच्या बाजूच्या कापडी कनातीबाहेर येऊन उभे राहिले.

"अख्तरीबाई, सांगा तुम्ही. न सांगताच ह्या एवढं रडत्यात. निदान आपण कुणासाठी रडतोय ते तरी कळू द्या त्यांना."

अख्तरीनं घसा साफ केला. "हां, तर बायांनो, जमीन ह्या म्हाताऱ्याची व्हती."

आता बोलपट आलेत. मला कुणी भिजवत नाही. विरलो, तशी अख्तरीनं मला आप्पासाहेबांकडून मागून घेतलं. तिच्या माळ्यावर घडी होऊन पडलोय. तुम्ही असलं चित्र बघायला गेलात तर खुशाल टाळ्या वाजवा, घोडी देखणीच असतात. फक्त पाटी म्हणा, आता बोलणं म्हणा, ते सरल्यावर हरलेल्याचा चेहरा येतो, तेवढा वेळ उठू नका.