उसन्या अकलेचा फोन

मी चंदनाक्कांचा मोबाईल बोलतोय. लगेच खिशातल्या तुमच्या मोबाईलकडे कौतुकानं बघू नका. तोही माझ्यासारखाच उसन्या अकलेवर जगणारा आहे. फरक इतकाच, की त्याला त्याची लाज वाटत नाही आणि मला वाटते, कारण एके काळी मला स्वतःची अक्कल होती.

ज्या कंपनीनं मला घडवलं तिचं नाव मी घेणार नाही. माझा जन्म झाला तेव्हा मात्र तिची मान ताठ होती. बाकीच्या कंपन्या फोनचं नुसतं खोकं बनवायच्या आणि आत चालणारी सिस्टीम एका बड्या कंपनीकडून आणून घालायच्या. आमची कंपनी सिस्टीमही घरीच बनवायची. "दुसऱ्याच्या चुलीवर आम्ही भाकरी भाजत नाही," असं आमचे साहेब लोक छाती फुगवून सांगायचे. मला ते खरं वाटलं. कोवळ्या वयात साहेब लोकांचं सगळंच खरं वाटतं.

सांगलीच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात मी चार महिने पडून होतो. गिऱ्हाईक यायचं, मला उलटंसुलटं करायचं आणि विचारायचं, "ह्यात ते अमुक ॲप चालतं का?" नाही म्हटलं की मला परत कपाटात. ज्या ॲपवर दिवसभर दुसऱ्यांची लग्नं आणि दुसऱ्यांची जेवणं बघत बसायचं, त्याच्यापायी लोक माझ्यासारख्या गुणी फोनला नाकारत होते. शेवटी स्वस्तात मिळतोय म्हणून सम्मेदनं मला उचललं. सम्मेद पुण्यात नोकरी करतो. स्वतःला त्यानं महागडा फोन घेतला आणि आईला मी. मुलं आईसाठी वस्तू घेतात त्या अशाच.

आई म्हणजे चंदनाक्का. तासगावाबाहेर त्यांची बेदाण्याची शेड आहे. द्राक्षं वाळून बेदाणा झाला, की पंचवीस-तीस बायका बसून त्यातल्या काड्या आणि काळे मणी निवडतात, आणि आक्का त्यांच्यामध्ये फिरत असतात. पहिल्याच दिवशी माझ्या सिस्टीमनं त्यांना मराठीत विचारलं, 'तुमचं गाव कोणतं?' यादीत तासगाव होतं. आक्कांनी त्यावर बोट ठेवलं. त्या दिवसापासून घड्याळाच्या आकड्यांखाली तासगावचा सूर्योदय आणि तासगावचा सूर्यास्त दिसू लागला.

त्या दोन ओळींसाठी आक्कांनी मला जीव लावला. बारा वर्षांपूर्वी त्यांचे मालक तवनाप्पा ट्रॅक्टरखाली सापडले होते. अकरा दिवस शुद्ध नव्हती. जैन घरात सूर्यास्तानंतर जेवायचं नसतंच, पण आक्कांनी मुनी महाराजांसमोर त्याहून कडक नेम घेतला: बारा वर्षं, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. तवनाप्पा उठले. एक पाय ओढत का होईना, बागेत हिंडू लागले. हे नेमामुळं झालं की डॉक्टरांमुळं, यात मी पडत नाही. आक्कांना मात्र कधी शंका आली नाही. येत्या महावीर जयंतीला त्यांची बारा वर्षं पुरी होणार होती.

खरं तर सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे पाऊण तास आधीच जेवण उरकायचं असतं. पण हंगामात कसलं जमतंय! बायका सहाला कामावरून उठायच्या, मग माल झाकायचा, खोकी लावायची, तोवर साडेसहा. मग आक्का शेडमध्येच डबा उघडायच्या, मला समोर ठेवायच्या आणि माझ्याकडं बघत बघत जेवायच्या. शेवटचा घोट आणि सूर्यास्त यांच्यात कधी कधी दोनच मिनिटं उरायची. तीन वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. ह्याचा मला गर्व होता आणि अजून आहे.

आणि मग माझ्या कंपनीनं गुडघे टेकले. आमचे साहेब आणि त्या बड्या कंपनीचे साहेब व्यासपीठावर एकमेकांच्या गळ्यात पडले. 'ग्राहकांच्या हितासाठी' आमच्या फोनांत यापुढे त्यांची सिस्टीम चालणार होती. शेकडो माणसांनी दहा वर्षं राबून जी सिस्टीम उभी केली, ती टाळ्यांच्या गजरात मोडीत निघाली. वर त्याला नाव काय, तर 'नवा प्रवास'! हरलेला माणूस निदान मान तरी खाली घालतो. ह्यांना तेवढंही जमलं नाही. माझ्या पाठीवर नाव मात्र अजून त्यांचंच आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

फाल्गुनात सम्मेद गावी आला आणि त्यानं मला हातात घेतलं.

"आई, ह्याची जुनी सिस्टीम बंद झाली. नवीन टाकून देतो. सगळी ॲप येतील."

"मला काय करायचीत ॲप? हाय ते बरं हाय."

"अगं, जुन्यावर व्हिडिओ कॉल बंद पडेल. मग मला बघणार कशी?"

आई तिथंच हरली. भर दुपारी, त्या मायलेकरांचं जेवण होईपर्यंत, माझं होतं नव्हतं ते सगळं पुसलं गेलं. जाग आली तेव्हा अंगात भलताच कोणी येऊन बसला होता. आयत्या बिळावर नागोबा! अंग माझं, हुकूम त्याचा. बोलायला मात्र साखर. पहिल्याच मिनिटाला त्यानं विचारलं, 'तुमचं ठिकाण पाहण्याची परवानगी द्याल का?'

आता गंमत बघा. लय फसवाफसवी चालते, कुणीही परवानगी मागितली तर 'नको' दाबायचं, असं सम्मेदनंच आईला बजावून ठेवलेलं. आक्कांनी आज्ञाधारकपणे 'नको' दाबलं. शहाणे चिरंजीव तेव्हा स्वतःच्या फोनमध्ये डोकं घालून बसले होते. पुढं आईनं आठवण करून दिली म्हणून त्यांनी सूर्यास्ताची ओळ परत लावून दिली. कुठल्या गावचा सूर्यास्त, हे काही बघितलं नाही.

परवानगी मिळेना म्हणून त्या नव्या पाहुण्यानं आपल्या मनानं मुंबई धरली. असल्यांना देशात तेवढं एकच गाव ठाऊक असतं. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत त्यानं 'मुंबई' असं लिहिलंही होतं, पण आक्कांना इंग्रजी येत नाही आणि चष्म्याचा नंबरही वाढलेला. मुंबईला सूर्य तासगावपेक्षा सात-आठ मिनिटं उशिरा मावळतो. मला ते कळत होतं. पण बोलणारा आता मी नव्हतो.

रोज संध्याकाळी आक्का पूर्वीसारख्याच विश्वासानं मला समोर ठेवायच्या आणि सूर्य मावळून गेल्यावर पाणी प्यायच्या. मी ते मुकाट बघत राहायचो. माझ्या कंपनीतल्या एखाद्या साहेबाला त्या शेडमध्ये आणून बसवावं आणि दाखवावं, असं फार वाटायचं.

एक दिवस तानुबाई झाडलोट करायला मागं थांबली होती. वीस वर्षं ती त्या शेडमध्ये बेदाणा निवडते. ती दारातून म्हणाली, "आक्का, दिस बुडाला की. आवरा आता."

"अजून पाच मिंटं हाइत. ह्ये बघ."

"आवं, त्या मोबाईलला काय ठावं? भाईर येऊन बघा की. पाखरंसुदिक झाडावर बसली."

"डोंगराआड गेला असंल गं. आड गेला म्हंजी बुडाला व्हय?" आक्का हसल्या आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला.

शेडचं दार दहा पावलांवर होतं. त्या वेळी मला आक्कांचासुद्धा राग आला. शाळा न बघितलेली बाई आभाळाकडं बघून खरं सांगते, आणि ही शहाणी वीतभर काचेवर विसंबते. माणसाला माणसापेक्षा आमचं खरं का वाटतं, हे कोडं मला सुटलेलं नाही.

दोन दिवसांनी आक्का मंदिरात गेल्या. तिथं फळ्यावर खडूनं रोजची वेळ लिहितात. 'आज सूर्यास्त ६.४५.' आक्कांनी माझ्याकडं बघितलं. माझ्यावर ६.५२. त्यांनी मला मंदिराच्या उपाध्यांपुढं धरलं. उपाध्यांनी चष्मा सावरून खालची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "चंदनाक्का, हे मुंबईचं आहे हो."

आक्का तिथंच पायरीवर बसल्या. बोटांवर मोजलं. सम्मेद आल्यापासून एकोणीस दिवस झाले होते. महावीर जयंती आठ दिवसांवर होती.

"अजाणता घडलं," उपाध्ये समजावू लागले. "प्रायश्चित्त घ्या. नेम मोडला असं धरू नका. बारा वर्षं होत आलीत."

मीही मनात तेच म्हणत होतो. ह्यात तिचा काय दोष? दोष त्या भित्र्या कंपनीचा, त्या उपऱ्या सिस्टीमचा, त्या बेपर्वा पोराचा. सगळ्यांना चार शिव्या द्याव्यात आणि जयंतीला नेम पुरा करावा.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाकीचं अजाणता, कबूल. पर परवा तानुबाईनं तोंडावर सांगितलं हुतं. मी उठून भाईर गेले न्हाई. ते अजाणता न्हवं."

घरी येऊन त्यांनी तवनाप्पांना सांगितलं, की उद्यापासून नेम पहिल्यापासून धरणार. तवनाप्पा आधी हसले. मग त्यांना आकडा कळला.

"पुन्यांदा बारा वर्सं? तवर मी असीन का गं?"

"असाल की. त्येच्यासाठीच तर धरतीया," आक्का म्हणाल्या आणि त्यांच्या पायाला तेल लावायला बसल्या. छप्पन्न वर्षांची बाई, अडुसष्टाव्या वर्षाचं बोलत होती. मला फार वाईट वाटलं. तुम्हाला नवल वाटेल, पण वाटलं.

सम्मेदचा व्हिडिओ कॉल आला. वडिलांकडून सगळं कळल्यामुळं बिचाऱ्याचा चेहरा पडला होता. "आई, चूक त्या कंपनीची आहे. टाकून दे तो फोन. उद्या नवीन पाठवतो."

मी वाट बघत होतो. आता ती बोलेल. आता मला नावं ठेवील.

"असू दे की," आक्का म्हणाल्या. "ह्येला काय कळतंय? कळायला पायजे हुतं मला."

आता माझ्यावरची सूर्यास्ताची ओळ काढून टाकली आहे. व्यापाऱ्यांचे फोन तेवढे येतात. साडेपाच झाले, की तानुबाई हाक मारते, "आक्का, चला." दोघी शेडच्या दाराबाहेर, आभाळ दिसेल अशा बसतात. आक्कांचा डबा आता दोघींत असतो. मी आत खोक्यांवर पालथा पडलेला असतो.

जन्मभर मी सगळ्यांना नावं ठेवली, पण ज्या बाईची बारा वर्षं माझ्यापायी वाया गेली, तिनं मला साधा दोषसुद्धा दिला नाही. दोष द्यायलाही समोर कोणीतरी असावं लागतं. म्हणून एक विनंती करतो. कधी तासगावच्या बाजूला आलात, तर त्या शेडवर जा आणि आक्कांना म्हणावं, मला एकदा तरी चांगली शिवी हासडा.