बागेतली बोलणी

"तुम्ही काहीच बोलू नका. नुस्ती मान हालवा. समजनं का?" बागेच्या फाटकाशी मंगलाबाईने नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं.

धुडकूला ते तिच्या ओठांवरून कळलं. बावीस वर्षं कापडाच्या लूमवर काढून त्याचे कान गेले होते. कारखान्याच्या खडखडाटात सगळेच हातवारे करून बोलत, त्यामुळे तिथे निभून जाई. पण आज लेकीला, गायत्रीला बघायला बारडोलीहून सुकलालभाऊ मुलाला घेऊन येणार होते. सुरतेत पर्वत पाटियाची एकच खोली, पाहुणे बसवायचे कुठे? तेव्हा त्यांनीच ही मोठी बोटॅनिकल गार्डन सुचवली होती. पोरापोरीलाही मोकळं बोलता येईल, म्हणाले.

चिंचेखाली सतरंजी पसरली. मुलगा भूपेंद्र नीटस होता, साखर कारखान्यात कायम. मंगलाबाईने पोह्यांच्या बशा भरल्या. सुकलालभाऊंच्या दाट मिशांखाली ओठ दिसतच नव्हते. ते बोलले की धुडकू हसायचा, मान डोलवायचा.

एकदा त्याने मान डोलवली आणि गायत्रीच्या हातातली बशी कलली. पोहे सतरंजीवर सांडले. मंगलाबाई घाईघाईने ते गोळा करू लागली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं?" त्याने विचारलं. आवाज त्याच्या हातात नव्हता. लांबच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली.

मंगलाबाईने त्याचा गुडघा दाबला. पण गायत्री त्याच्यासमोर सरकून बसली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाबा, लग्नानंतर नर्सिंगचं शिक्षण सोडायचं, असं विचारलं त्यांनी. तुम्ही हो म्हणालात."

धुडकूने बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे विनवत होते. हे तिसरं स्थळ होतं.

त्याने हात जोडले. "भाऊ, माले ऐकू येत नई. मी न ऐकताच मान हालाई दिधी. पोरले शिकनं शे. ती शिकी."

चहा न घेताच पाहुणे उठले. चपला घालताना भूपेंद्र बापाला काहीतरी म्हणाला. त्याला मिशा नव्हत्या. 'बहिरा' हा शब्द कुणाच्याही ओठांवर धुडकूला ओळखू यायचा.

ते गेल्यावर त्याने गायत्रीला विचारलं, "पोरगा काय म्हणाला?"

"कळवतो म्हणाले," ती म्हणाली आणि सतरंजी झटकू लागली.

"बरं," धुडकू म्हणाला.

मंगलाबाई पाठ करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. तो तिच्याजवळ जाऊन बसला, पण ती वळली नाही. शेवटी गायत्रीने पिशवी आईच्या हातात दिली आणि बापाला उठवलं. "आलोच आहोत तर बाग बघू."

पायवाटेवर प्रत्येक झाडाला नावाची पाटी होती. गायत्री पहिल्या पाटीपाशी थांबली, वाचून तिने मान वर केली आणि तोंड बापाकडे वळवून सावकाश म्हणाली, "अर्जुन."

दहा पावलं मागून मंगलाबाई येत होती. ती जवळ येईपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.