तीन महिने गोळीविना

गजेंद्र लाइनमन होता आणि त्याचं चित्त कधी थाऱ्यावर नसायचं. या दोन गोष्टी एका माणसात असू नयेत, पण देवाला कोण विचारणार? खांबावर चढला की पक्कड खाली राही, पक्कड घ्यायला उतरला की रस्त्यावरच्या माणसाशी गप्पा मारत बसे. सोनाळ्यात सगळे त्याला धांदरट म्हणत. शेवटी अकोल्याच्या मानसोपचार डॉक्टरांनी त्या धांदरटपणाला एडीएचडी असं नाव दिलं आणि रोज सकाळची एक गोळी लिहून दिली.

"हा तं लहान पोरायचा रोग हाय ना?" गजेंद्रनं विचारलं.

"पोरं मोठी होतातच की," डॉक्टर म्हणाले.

गोळीनं गाडी रुळावर आली. काही वर्षं त्याच्या हातून नाव घेण्यासारखी चूक झाली नाही. पण याच वर्षांत बायकोची, राखीची कूसही उजवली नाही. त्याचं खापर मनकर्णाबाईनं, म्हणजे गजेंद्रच्या आईनं, बिनदिक्कत सुनेच्या माथ्यावर फोडलं. उपास झाले, अंगारे झाले, दर गुरुवारी शेगाव झालं. लेकाकडे बोट दाखवावं असं तिच्या स्वप्नातही आलं नाही.

तपासणीत मात्र राखीत काहीच निघालं नाही. गजेंद्रचे शुक्राणू कमी निघाले, आणि होते तेही सुस्त. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गोळीची नीट चौकशी केली.

"या गोळीनं होते का मॅडम हे?"

"होतही असेल, नसेलही. यावर अभ्यास फार थोडे झालेत, आणि तेही एकमेकांशी जुळत नाहीत. खात्रीनं कोणीच सांगू शकणार नाही. शुक्राणू नव्यानं तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून तेवढे दिवस गोळी बंद ठेवून पाहू."

मानसोपचार डॉक्टर तयार झाले, पण एका अटीवर. तीन महिने खांबाला हात लावायचा नाही.

झालं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गजेंद्र साहेबांकडे खाली बसून करायचं काम मागायला गेला. साहेब म्हणाले, "माणसं कुठे आहेत? बरं, कारण काय?" कारण सांगायला गजेंद्रची जीभ रेटेना. कोणत्या पुरुषाची रेटली असती? "काई नाई साहेब, सहज," म्हणून तो परत आला, गोळी बंद केली आणि खांबावर चढत राहिला.

लाइनवर चढण्याआधी उपकेंद्राच्या ऑपरेटरला फोन करून वीज बंद करून घेतात. त्याला परमिट घेणं म्हणतात. ज्यानं घेतलं त्यानंच ते परत करायचं, म्हणजे वीज सोडायला सांगायचं, तेही सगळी माणसं खाली उतरलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहून. लाइनमनचा जीव या एका नियमावर असतो.

दुसरा महिना सरता सरता माणिकरावांच्या कपाशीत तार तुटली. परमिट गजेंद्रनं घेतलं. एका खांबावर तो, आणि निंबाआडच्या खांबावर त्याचा जोडीदार शाहरुख. गजेंद्रचं काम उरकलं, तो उतरला, तर माणिकराव समोर हजर.

"कधी येते बे लाइन? पानी सोडाचं हाय मले."

"आता येते, काका," म्हणत गजेंद्रनं फोन लावला. "काम झालं. परमिट परत."

फोन खिशात गेला आणि मग त्याला शाहरुख आठवला. तो बोंबलत धावला. मागे माणिकरावांची मोटर सुरू झाली, म्हणजे लाइनीत वीज आली होती.

शाहरुख खांबाखाली बसून बाटलीनं पाणी पीत होता. तहान लागली म्हणून उतरला होता, म्हणून वाचला. मोटरीचा आवाज त्यानंही ऐकला होता. तो चिडला नाही. बराच वेळ बाटलीचं झाकण लावत राहिला.

"जुम्म्याले पोरीचा अकीका हाय, गजूभाऊ. जावळ काढून नाव ठेवाचं हाय," तो म्हणाला. "वहिनीले घेऊन येजो."

गजेंद्रनं राखीला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याचा पेला आणि तळहातावर गोळी घेऊन समोर उभी राहिली.

"अजून महिना राह्यला ना," तो म्हणाला.

"शाहरुखभाऊची पोरगी पाह्यली मी. लय लहान हाय. घ्या."

त्यानं गोळी घेतली. दोष गोळीचा होता की नव्हता, हे आता कधी कळणार नव्हतं, आणि याचंच त्याला रडू आलं. राखीला तरी दोषातून मोकळं करावं म्हणून तो अंगणात गेला. मनकर्णाबाई ज्वारी निवडत होती.

"माय, खोट माह्यात हाय. राखीत काईच नाई."

मनकर्णाबाईनं सूप खाली ठेवलं. लेकाकडे पाहताना तिचे डोळे भरून आले.

"बाप्पा! बायकोसाठी सोताच्या अंगावर घेऊन राह्यला!"

"खरं सांगतो, माय. रिपोर्ट दाखवू का?"

"राहू दे रे तुया रिपोर्ट. मी काय तुले आज ओळखतो?" आणि घराकडे तोंड करून तिनं हाक मारली, "राखी, आयकलं का वं? असा नवरा नशिबानं भेटते. आता तरी उपास मनापासून कर."

आतून आवाज आला, "हो, आई."