ग्रेकामावशींची बुरशी

ग्रेकामावशींनी एक बुरशी एकतीस वर्षं सांभाळली. आमच्या कालियारी शहरात सांडपाण्याचा नाला समुद्राला मिळतो, तिथून कुणीतरी ती उचलली होती. तिच्यात प्रतिजैविक तयार होतं. मावशी दर महिन्याला तिला जुन्या नळीतून नव्या नळीत हलवायच्या, सुट्टीतसुद्धा प्रयोगशाळेत येऊन. शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या. त्याआधी बुरशीचा जीनोम, म्हणजे तिची सगळी जनुकं, वाचायचं काम माझ्याकडे आलं.

"तुझ्या यंत्राला कळेल का ही किती गुणी आहे ते?" नळी देताना त्यांनी विचारलं.

"कुणाच्या हाताखाली वाढलीय, मावशी!"

"पुरे. लेकीला काल फ्रेगोलाचं, रव्याच्या बारीक गोळ्यांचं, सूप दिलंस?"

"दिलं. निम्मं कानात गेलं."

तुलनेसाठी मी तळघरातली कुपीही घेतली. तीच बुरशी, पण अगदी सुरुवातीला सुकवून काचेत बंद केलेली. लेक दुपारी झोपली की मी घरी दोन्ही जीनोम शेजारी लावून बघायचे. बुधवारी दिसलं, मावशींच्या बुरशीत एक तुकडाच नाही. प्रतिजैविक बनवणारी जनुकं नेमकी त्यातच होती. लेक उठून रडायला लागली, तिला मांडीवर घेऊन मी पुन्हा तपासलं. तुकडा नव्हताच.

गुरुवारी मावशींना सांगितलं.

"यंत्र चुकलंय," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः एका ताटलीत जंतू पसरले आणि मधोमध बुरशी ठेवली. शुक्रवारी सकाळी आम्ही झाकण उघडलं. बुरशीपासून दूर राहायला हवे होते ते जंतू थेट तिला चिकटून वाढले होते.

मावशींनी ताटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "मी प्रत्येक वेळी नळीतला गुबगुबीत, पांढराशुभ्र ठिपका उचलायचे. शेजारचे पिवळट, रोडके टाकून द्यायचे."

औषध तेच रोडके करत असणार. हे त्यांनाही कळलं होतं.

"अहवालात काय लिहिलंस?"

"तुकडा गळाला. कारण अज्ञात."

"अज्ञात कसं? मला माहितीये ना! लिही, नळी बदलताना दिसायला चांगला तोच ठिपका निवडला गेला."

"बरं."

"आणि कुणी निवडला तेही लिही. ग्रेका पुद्दू. माझ्या जागी येणारीला काही विचारायचं झालं, तर फोन कुणाला करणार ती?"

मी नाव लिहिलं. त्यांनी खाली आपला नंबर घातला.