माणशी एक मागणं

काचवाल्याला त्या रविवारी चर्चमध्ये बसायचंच नव्हतं. दारात उभं राहून दोन शब्द सांगायचे आणि उलट पावली घर गाठायचं, एवढाच त्याचा बेत. बायकोला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि दवाखान्यातून आणल्यापासून ती खिडकीपाशी पडून होती. पलीकडच्या गल्लीतली घंटा वाजली की तिची नजर तिकडे वळायची आणि डोळे भरून यायचे. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने एकही रविवार चुकवला नव्हता. न सांगता गैरहजर राहिल्याचा घोर लागला असेल, असा त्याने आपला अंदाज बांधला. थोरली बहीण सेवेला येऊन राहिली होती, तिला तो म्हणाला, अक्का, जरा बघ हिच्याकडे, मी सांगून येतो.

तसा तोही बाप्तिस्मा झालेलाच, काही परका नव्हे. पण दुकानं नि कचेऱ्या रविवारी बंद, आणि त्यांच्या काचा बसवायच्या त्या बंद असतानाच. म्हणून रविवार हा त्याच्या कमाईचा वार. देवाला मी शिडीवरूनही ऐकू जातो, असं तो बायकोला सांगायचा. ती डोक्यावरून पदर घ्यायची आणि निघायची. शिवाय माणूस मुलखाचा आतल्या गाठीचा. दवाखान्याचंही त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. आजाराची कसली जाहिरात करायची, हा त्याचा खाक्या. चर्चच्या मंडळीतली दोन माणसं घरी येऊन कुलूप बघून गेली, हे शेजाऱ्याने सांगितलं, तरी याच्या तोंडाला कुलूप ते कुलूपच.

तर तो दारात पोचला. आत एक धिप्पाड बाई खुर्च्या सरळ करत होत्या. गळ्यात शिंप्याची मापाची टेप होती, बहुधा काढायची विसरल्या होत्या. त्यांनी याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, किंचित लंगडणाऱ्या उजव्या पायावर जरा जास्त वेळ पाहिलं, आणि तोंडभर हसून याचा हात दोन्ही हातांत धरला.

"गुडघा कसा आहे आता?" त्यांनी विचारलं.

काचवाल्याने आयुष्यात या बाईंना पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, कुणा दुसऱ्याला समजून विचारतायत. कुठला गुडघा, असं त्याने विचारलं, तर बाई म्हणाल्या, उजवाच की, जिना उतरताना आतून कळ येते तो. याचा हात नकळत गुडघ्यावर गेला, कारण कळ अगदी तिथूनच येत होती.

तेवढ्यात एक निवृत्त पोस्टमन पुढे आले. त्यांनी विचारलं, सिगारेट सुटली का पूर्ण, की अजून सज्जात जाऊन एखादी होते? त्यांच्या मागून कुणीतरी विचारलं, धाकट्या भावाने फोन केला का? आता भावाशी अबोला धरलेला त्याच्या शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हता. पाहुणा लग्नघरात शिरावा आणि सगळ्यांनी त्यालाच नवरदेव म्हणावं, तशी गत झाली बिचाऱ्याची. ताई, म्हणजे तुमच्या घरच्या, कुठे आहेत, दोन रविवार दिसल्या नाहीत, असं शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंनी विचारलं. ज्या कामासाठी आला होता ते काम समोर येऊन उभं राहिलं. पण गडबडलेला माणूस नेहमीच्या सवयीवर जातो. घरी आहे, तो म्हणाला. बरी आहे ना? हं, तो म्हणाला. बाईंना हायसं वाटलं आणि त्यांनी त्याला हाताला धरून शेवटच्या बाकावर बसवलं.

गीतं झाली, वाचन झालं. मग पाळक पुढे आले. काटकुळे, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी विचारलं, आज कोण काय मागतंय? बाईंनी याच्या कानाशी लागून रीत समजावली. ज्याच्या मनात असेल त्याने उभं राहायचं आणि कशासाठी प्रार्थना करायची ते सांगायचं. मागणं मात्र माणशी एकच. पूर्वी लोक जावयापासून मांजरीपर्यंत सगळ्यांचं सांगत बसायचे आणि जेवायला तीन वाजायचे, म्हणून हा नियम. आणि सांगायचं ते नेमकं. नुसतं 'सगळ्यांचं भलं होवो' म्हटलं की पाळक परत विचारतात, म्हणजे कुणाचं आणि काय?

एक मुलगी परीक्षेचं बोलली. एक गृहस्थ नव्या वरिष्ठाबद्दल बोलले, त्याला सद्बुद्धी मिळो, नाहीतर बदली मिळो. लोक हसले आणि लगेच माना खाली घालून त्याच्यासाठी मनापासून प्रार्थनाही केली. हे हसणं खरं की ती प्रार्थना खरी, काचवाल्याला काही उमगेना. मग पोस्टमन उठले नि म्हणाले, ताई आज नाहीत, तेव्हा त्यांचं नेहमीचं मागणं मी सांगतो. ताईंच्या यजमानांना शिडीवर चढताना भीती वाटते, हातपाय गार पडतात, ती भीती जावो.

काचवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिडीवरून एकदा घसरल्यापासून त्याला उंचीची धडकी भरायची, हे खरं. पण काचा बसवणारा उंचीला भितो हे कंत्राटदाराच्या कानी गेलं तर उद्यापासून काम कोण देणार? हे त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं, तेही दिवा मालवल्यावर. इथे तर पन्नास माणसं त्याच्या भीतीसाठी डोळे मिटून बसली होती. 'आमेन' व्हायच्या आत तो बाहेर पडला.

घरी येऊन त्याने बायकोच्या उशाशी उभं राहून तोंडसुख घेतलं. माझं हसं केलंस, घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडलंस, आता गुडघ्यासकट माझी वरात काढायची तेवढी बाकी आहे. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या तोंडाची डावी बाजू हलली. ती हसतेय की रडतेय हे त्याला कळेना, आणि कळेना म्हणून तो आणखी चिडला. शेवटी अक्का स्वयंपाकघरातून आली.

"जिला उलटून बोलता येत नाही तिच्याशी भांडतोयस," ती म्हणाली. "मोठा शूर लागून गेलास."

तो वरमला. आठवडाभर त्याचं कामात लक्ष नव्हतं. काच कापायचा हिरा दोनदा वाकडा गेला आणि एक चांगली काच वाया गेली. त्याला राग येत होता, तो कुणाचा ते सापडत नव्हतं. रात्रंदिवस एकच प्रश्न, ती असं का बोलत राहिली? आणि ती माणसं असं ऐकत का राहिली? यांना स्वतःचे गुडघे नाहीत का? आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, त्या बाईंनी हात धरला होता तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. हे आठवलं की तो स्वतःवरच खेकसायचा.

पुढच्या रविवारी तो लवकर गेला, कायमचा सोक्षमोक्ष लावायला. पाळक एकटेच होते, बाकांवरची धूळ झटकत होते. काचवाल्याने नमस्कार-चमत्कार न करता सांगितलं, माझ्या नावाने प्रार्थना बंद करा.

पाळक गोंधळले. मग म्हणाले, असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं, याची रीत काय ते मलाही ठाऊक नाही. मागणं ताईंचं आहे. ताईंनी सांगितलं तर बंद करू. मग ते हसले आणि म्हणाले, खरं सांगू का, तुम्ही परवा आलात तेव्हा आमच्यातल्या काहींना धक्काच बसला. पोस्टमनमामांचं तर पक्कं मत होतं की ताईंना नवराच नाही, प्रार्थनेपुरता त्यांनी एक करून घेतलाय. इतकी वर्षं नुसतं ऐकतोय, माणूस कधी दिसला नाही. पण भाऊ, माणूस दिसला नाही तरी गुडघा आमच्या ओळखीचा झाला. थंडी वाढली की आमच्या घरी निघतंच, त्यांचा दुखत असेल आज.

भांडायला आलेल्या माणसाच्या हातातली काठी कुणी प्रेमाने काढून कोपऱ्यात ठेवली, तर त्याने हात कुठे ठेवायचे? तेवढ्यात माणसं येऊ लागली आणि काचवाला बाहेर पडायच्या ऐवजी शेवटच्या बाकावर जाऊन बसला. शिवणकामवाल्या बाईंनी विचारलं, ताई आजही नाहीत? त्याने पुढ्यातलं गीतांचं पुस्तक उघडलं.

गीतं झाली, वाचन झालं. पाळकांनी विचारलं, आज कोण काय मागतंय? आणि काचवाला उभा राहिला. उभं राहायचं त्याने ठरवलं नव्हतं. पायांनी परस्पर ठरवलं.

परवा मी खोटं बोललो, तो म्हणाला. ती बरी नाही. तिची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बाईंनी तोंडाला पदर लावला. पोस्टमनमामा डोक्याला हात लावून बसले. पाळकांनी त्याला सावरायला वेळ दिला आणि मग हळू आवाजात विचारलं,

"तिच्यासाठी काय मागायचं?"

"बरी होऊ दे," काचवाला म्हणाला.

ते तर मागूच, पाळक म्हणाले. पण तिला आत्ता काय होतंय? कुठे दुखतं, कशाची भीती वाटते, कुणाची आठवण येते? तिचं नेमकं काय ते सांगा.

काचवाल्याला आठवेना. आठवेना म्हणजे काय, ठाऊकच नव्हतं. हिला कधी डोकं दुखायचं का? दुखत असणारच, माणूस आहे. हिला कशाची भीती वाटायची? अंधाराची? उंदराची? मेलेल्या आईची आठवण यायची का? इतकी वर्षं एका ताटाशेजारी ताट मांडून जेवलो आणि मला या बाईचा एक गुडघासुद्धा माहीत नाही, या विचाराने त्याला दरदरून घाम फुटला. त्याने आशेने बाकांकडे पाहिलं.

"तुम्हांला ठाऊक असेल ना?" त्याने विचारलं. "तुम्हांला तर सगळं सांगायची ती."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, सांगायच्या की, खूप सांगायच्या. पण तिलाही पुढे काही आठवेना. शेवटी शिवणकामवाल्या बाई उठल्या. त्या म्हणाल्या, मागणं माणशी एकच ना. ते त्या दर वेळी तुमच्यावर घालवायच्या. आणि आम्ही मूर्ख, आम्हांला कधी विचारायचंही सुचलं नाही.

काचवाल्याला वाटलं, आता हे लोक उठतील, आपल्याला नावं ठेवतील आणि जेवायला जातील. तेच रास्त झालं असतं. पण पाळकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, घर जवळच आहे ना तुमचं? जा, विचारून या. आम्ही बसलोय. पोस्टमनमामांनी पुढच्या बाकावर हातपाय पसरले आणि जाहीर केलं, आपल्याला कसलीही घाई नाही.

तो गल्लीतून निघाला तो दुखऱ्या पायाने जवळजवळ पळतच. अक्काने दार उघडलं आणि विचारलं, काय झालं? उत्तर न देता तो खिडकीपाशी गेला, खाली बसला आणि बायकोचा चेहरा इतक्या जवळून बघू लागला की ती बावरली.

अगं, ते सगळे थांबलेत, तो म्हणाला. तुझ्यासाठी काय मागायचं ते विचारतायत. मला सांगता येईना. तू सांग. दुखतंय का कुठे? भीती वाटते का? भाऊ हवाय का तुझा, बोलावू? तो विचारत राहिला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. काही तरी कर गं, खूण कर, तो गयावया करू लागला. मग तिने डावा हात उचलला. सावकाश उचलला, आणि बोट रोखलं ते थेट त्याच्याच छातीवर.

"माझं नको गं," तो ओरडला आणि लगेच त्याला रडू फुटलं. "माझं पुष्कळ झालं. तुझं सांग."

तिने पुन्हा हात उचलला आणि पुन्हा त्याच्याचकडे बोट केलं. या वेळी तो बोटाकडे बघत नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने तिचा हात अलगद पांघरुणावर ठेवला, अक्काला सांगितलं, हिला डाव्या कुशीवर वळवू नकोस, आणि तसाच परत फिरला.

सगळे जागच्या जागी होते. मुलंसुद्धा. तो आत आला तशा सगळ्या माना वळल्या. या वेळी तो शेवटच्या बाकाशी थांबला नाही, मधल्या वाटेने पुढे गेला आणि पाळकांच्या समोर उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

विचारलं, तो म्हणाला. ती अजून माझंच मागतेय. कुणाला हसू आलं, कुणाला हुंदका. बाईंना दोन्ही आलं. पाळकांनी भांबावून विचारलं, मग आता काय करायचं?

"आता तिचं ऐकायचं नाही," काचवाला म्हणाला. "माझं मागणं नीट ऐकून घ्या. डावा खांदा. चांगल्या बाजूचा, पण तो दुखतोय तिचा. हात वर करताना ओठ आवळते. कुणाला कळू देत नाही. मी आत्ता पाहिलं."